विहिरीतली बुडी आणि समुद्रातला श्वास

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, पाझर तलाव, नळगंगा आणि खडकपूर्णा ही धरणे, आणि पावसाळ्यात फुगून पुढे वाळूत लपणारी पैनगंगा. खारे पाणी आमच्या वाट्याला आले ते एकट्या लोणारचे, आणि त्यात कोणी पोहायला उतरत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर अशा गावांतली पोरे दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुटीत सातशे किलोमीटरचा प्रवास करून मालवणला जातात आणि मोबाइलमध्ये एक चित्रफीत घेऊन परत येतात. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात रबरी नळी, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि हाताची दोन बोटे वर करून विजयाची खूण. चित्रफीत गावभर फिरते. ‘स्कूबा केला’ असे ही मुले सांगतात. आपण ‘दर्शन केले’ म्हणतो तितक्या सहजपणे.

यात तक्रार करण्यासारखे काही नाही. उलट आनंदच आहे. आमच्या सिंदखेडराजात जन्मलेल्या जिजाऊंच्या पुत्राने १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाला हात घातला. त्याच किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात आज आमच्याकडची मुले उतरतात. घाटावरच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध जुनाच आहे, फक्त मधली काही शतके तो विसरला गेला होता, इतकेच.

प्रश्न वेगळा आहे. पाण्याखाली नेमके काय घडते, कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही, हे या मुलांना कोणी सांगितलेले असते काय? बहुतेकांना नावेत पाच-दहा मिनिटे सूचना मिळतात, त्याही वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात. आणि ज्यांना आपल्याला पोहणे उत्तम येते असे वाटते, त्यांच्यापुढे तर एक वेगळीच अडचण असते. त्यांना पोहणे विहिरीने शिकवलेले असते.

विहिरीची शाळा

शेतीकर्जाच्या कामानिमित्त या जिल्ह्यातल्या पुष्कळ विहिरींच्या काठावर मी उभा राहिलो आहे. उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येक मोठ्या विहिरीवर शाळा भरलेली दिसे. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधलेली लहान पोरे, ट्रॅक्टरची ट्यूब, काठावर बसलेला एखादा काका किंवा मामा. आधी डबा, मग डब्याविना, मग मुटका, मग सूर, आणि शेवटची परीक्षा म्हणजे तळ गाठून मूठभर गाळ वर आणून दाखवणे. त्या परीक्षेचा मंत्र एकच असे: ‘दम धर अन् मार बुडी!’

या शाळेने पिढ्यान्‌पिढ्या माणसे तयार केली. कोणी विहिरीत पडले, बादली किंवा मोटर तळाला गेली, तर हाक याच माणसांना जाई. त्यांच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. पण या शाळेत शिकलेले तीन धडे असे आहेत, की पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात उतरणाऱ्याने ते काठावरच ठेवून जायला हवेत. पहिला, दम धरणे. दुसरा, घाबरल्याबरोबर झपाट्याने वर येणे. तिसरा, काठावरची मंडळी बघत आहेत म्हणून माघार न घेणे.

विहिरीत या तीन गोष्टी चालून जातात. स्कूबात यांतली प्रत्येक गोष्ट जिवावर बेतू शकते. का, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण नुसता नियम पाठ केला तर घाबरलेल्या क्षणी तो आठवत नाही, पण कारण कळलेले असेल तर आठवते.

दम का धरायचा नाही

समुद्रसपाटीला आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो त्याला एक वातावरण म्हणतात. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की आणखी एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. आणि दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. हा नियम शाळेच्या पुस्तकात होता. परीक्षेपुरता पाठ करून आपण तो सोडून दिला.

आता विहिरीत बुडी मारणारा मुलगा पाहा. काठावर त्याने छाती भरून हवा घेतली. दहा मीटर खोल तळाशी जाताना त्या हवेचे आकारमान निम्म्यावर येते. वर येताना ती फुगत फुगत पुन्हा मूळ मापाची होते. जितकी घेतली तितकीच. फुप्फुस फाटायचा प्रश्नच नाही.

स्कूबात गोष्ट उलटी आहे. तिथे माणूस दहा मीटर खोलीवर असताना श्वास घेतो, आणि टाकीवरची झडप त्याला त्या खोलीच्या दाबाची, म्हणजे दुप्पट दाबाची हवा देते. छाती पूर्ण भरलेली आहे, आणि तीत जमिनीवरच्या मापाने दुप्पट हवा आहे. अशा वेळी दम धरून तो वर निघाला तर ती हवा दुप्पट जागा मागू लागते. ही जागा फुप्फुसात नसते. फुप्फुसाचे नाजूक पापुद्रे फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. भरल्या छातीने दम धरून वर येताना दीड मीटरचे अंतरही घातक ठरू शकते. कारण दाबातला सर्वांत मोठा फरक पृष्ठभागाजवळच पडतो. ‘आम्ही काही फार खोल गेलो नव्हतो’ हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी आहे.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम जगभर एकच शिकवतात: श्वास कधीही रोखू नका. घेत राहा, सोडत राहा, सावकाश. तोंडातली नळी निसटली तर ती शोधून पुन्हा तोंडात घालेपर्यंतही ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. हवा संपून एकट्याने वर यावेच लागले तर ‘आऽऽ’ असा आवाज करीत वर यायचे, म्हणजे छातीतली हवा बाहेर पडत राहते. ऐकायला हे सोपे वाटते. पण ज्याच्या हाडामासात ‘दम धर’ मुरलेले आहे, त्याचा श्वास डोके पाण्याखाली जाताच आपोआप बंद होतो. त्याला ही सवय मोडायला वेळ लागतो, आणि तो वेळ गुडघाभर नाहीतर छातीभर पाण्यात द्यायचा असतो.

नाकाचेही तसेच. विहिरीत उडी मारताना पोरे नाक चिमटीत धरतात. इथे मुखवट्याने नाक झाकलेले असते आणि श्वास फक्त तोंडाने घ्यायचा असतो. मुखवट्यात पाणी शिरले की नवखा माणूस घाबरतो. वास्तविक ते बाहेर काढण्याची रीत साधी आहे. मुखवट्याची वरची कड कपाळाशी दाबायची, मान किंचित वर करायची आणि नाकाने हवा सोडायची. पाणी खालच्या बाजूने निघून जाते. हे एकदा उथळ पाण्यात जमले की निम्मी भीती जाते.

टाकीत काय असते

मालवणहून आलेल्या दहांपैकी नऊ जण सांगतात की पाठीवर ‘ऑक्सिजनची टाकी’ होती. तसे नसते. टाकीत आपण आत्ता घेत आहोत तीच हवा असते. गाळलेली, कोरडी केलेली आणि दोनशेपट दाबाने भरलेली. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली विषासारखा वागतो. सहा मीटरच्या खाली तो घेणाऱ्याला झटके येऊ शकतात.

ही हवा माणसाला मागेल तेव्हा आणि मागेल तेवढी, भोवतालच्या दाबाची करून द्यायची, हेच या यंत्रातले मर्म. हे कोडे १९४३ साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी सोडवले. महायुद्धात पेट्रोलची टंचाई होती. गॅसवर मोटार चालवण्यासाठी गान्यांनी एक झडप तयार केली होती, तीच सुधारून पाणबुड्याच्या कामी आली. स्कूबा हा शब्द पुढे अमेरिकेत रूढ झाला. तो पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा आहे आणि त्याचा अर्थ इतकाच: पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन.

टाकीचा हिशेब मात्र प्रत्येकाला यायला हवा. अकरा लिटरच्या टाकीत दोनशेपट दाबाने भरलेली हवा म्हणजे बाहेरच्या मापाने सुमारे २,२०० लिटर. शांत माणसाला वर मिनिटाला वीसएक लिटर हवा लागते असे धरू. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून खर्चही दुप्पट, चाळीस लिटर. वीस मीटरवर साठ. शिवाय टाकीत पन्नासचा दाब उरेल इतकी हवा राखूनच वर यायचे असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही किमान शिल्लक; तिला हात लावायचा नाही. म्हणजे दहा मीटरवर चाळीस मिनिटे, वीस मीटरवर सत्तावीस. आणि घाबरलेला माणूस धापा टाकत असेल तर हा सगळा हिशेब निम्म्यावर येतो. दाबमापकाकडे अधूनमधून पाहणे हे शिकाऊ माणसाचे पहिले काम आहे, मासे नंतर.

कानाचे ऐका

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरला जाताना काहींच्या कानात दडे बसतात. आवंढा गिळला की कान मोकळे होतात. त्या प्रवासात आपण सुमारे चारशे मीटर खाली येतो. हवेच्या दाबात जो फरक चारशे मीटर उतरल्यावर पडतो, तेवढा पाण्यात जेमतेम अर्धा मीटर खाली गेल्यावरच पडतो. यावरून कानाच्या पडद्यावर काय येत असेल याची कल्पना करावी.

उपाय म्हणजे नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हलकेच नाकात हवा ढकलणे, किंवा आवंढा गिळणे. हे दुखू लागल्यावर करायचे नसते. दुखण्याआधी, दर हातभर अंतरावर करायचे असते. कान मोकळा होत नसेल तर थोडे वर यायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही होत नसेल तर त्या दिवसापुरते पाणी सोडायचे. सर्दी-पडसे असताना मुळातच उतरू नये. विहिरीच्या तळाला जाणारे पट्टीचे पोहणारे कानाच्या कळा दात-ओठ खाऊन सोसत. त्यांतल्या काहींच्या म्हातारपणी त्यांच्याशी ओरडून बोलावे लागे, यात नवल नाही.

वर सावकाश, आणि घाट त्याहून सावकाश

दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसपेशींत विरघळत जातो. सोड्याच्या बाटलीत वायू विरघळलेला असतो तसा. बाटली सावकाश उघडली तर काही होत नाही. झटकन उघडली तर फेस उसळतो. माणूस खोलातून झपाट्याने वर आला तर अंगात तेच होते. सांधे दुखतात, बधिरपणा येतो, कधी पाय लुळे पडतात.

हा आजार जगाला कळला तो पाणबुड्यांइतकाच पुलांच्या पायामुळे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खणताना नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत मजूर काम करीत. बाहेर आल्यावर अनेकांना हा विकार जडला. खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये त्याने अंथरुणाला खिळला. पुढची अकरा वर्षे, १८८३ मध्ये पूल खुला होईपर्यंत, त्याच्या सूचना घेऊन काम पुढे नेले ते त्याची पत्नी एमिली हिने. नंतर १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती थांबत वर यावे याची कोष्टके बांधली. आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरचा छोटा संगणक त्याच हिशेबाचा वंशज आहे.

शिकाऊ माणसाने लक्षात ठेवायचे ते एवढेच: मिनिटाला नऊ मीटरांपेक्षा वेगाने वर यायचे नाही, आणि वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे.

इथे आमच्या जिल्ह्यातल्या आणि एकूणच घाटमाथ्यावरच्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. पाण्याखाली जाऊन आल्यावर लगेच विमानात बसू नये, हे बरेच जण ऐकून असतात. एका बुडीनंतर निदान बारा तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर निदान अठरा तास जाऊ द्यावेत असा सर्वसाधारण सल्ला आहे. पण हा सल्ला विमानापुरता नसून उंचीबद्दल आहे. दोन हजार फुटांपासून आठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीला तो लागू होतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर, म्हणजे सव्वादोन हजार फुटांवर आहे. आमचे बुलढाणा शहरही दोन हजार फुटांच्या वरच. म्हणजे सकाळी समुद्रात दोन-तीन खोल बुड्या मारून, दुपारी मासळीचे जेवण जेवून, ‘रात्रभर गाडी मारू, सकाळी ऑफिस गाठू’ म्हणत घाट चढणारा माणूस विमानात चढल्यासारखाच आहे. पाच-सहा मीटर पाण्यात पाव तास फिरून आलेल्याला याचा धोका फार थोडा. पण जो खरोखर शिकत आहे, रोज दोन-तीन वेळा खोल उतरत आहे, त्याने शेवटची रात्र मालवणातच काढावी. एक रजा वाढवून घ्यावी.

फेरफटका आणि शिक्षण

किल्ल्याजवळ पर्यटकांना जे करायला मिळते तो फेरफटका आहे. प्रशिक्षक तुमची टाकी मागून धरून ठेवतो, वर-खाली तोच करतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि पाहायचे. पोहता येत नसले तरी चालते, असे सांगतात. ते या फेरफटक्यापुरते खरे आहे. त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्याला शिकणे म्हणू नये, आणि त्या भरवशावर पुढच्या वेळी अधिक खोल उतरू नये.

शिकणे म्हणजे तीन-चार दिवसांचे काम. आधी वाचन आणि परीक्षा, मग बंदिस्त उथळ पाण्यात सराव, मग खुल्या समुद्रात चार बुड्या. त्याआधी दोनशे मीटर न थांबता पोहून दाखवावे लागते आणि दहा मिनिटे तरंगून. इथे मात्र विहिरीची शाळा मदतीला येते. आमच्याकडच्या मुलांना याची काळजी नको. हा पहिला अभ्यासक्रम पुरा केला की जोडीदाराबरोबर अठरा मीटरपर्यंत उतरण्याची परवानगी देणारे, जगभर चालणारे प्रमाणपत्र मिळते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला यासाठी प्रशिक्षण संस्था काढली आहे, सरावासाठी तिथे खास खोल तलाव आहे. गोव्यात आणि कर्नाटकात मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाकडेही शिकण्याची सोय आहे. पावसाळ्याचे चार महिने कोकणचा समुद्र बंद. ऑक्टोबर ते मे हा हंगाम.

शिकताना सर्वांत अवघड जाते ते अधांतरी राहणे. तळाला बसायचे नाही, वर उसळायचे नाही, हातपाय न मारता मधल्या मधे तरंगायचे. हे कमरेचे शिसे, अंगातले हवेचे जाकीट आणि श्वास या तिघांच्या मेळाने साधते. गोड्या पाण्यात सराव केलेल्याने ध्यानात ठेवावे की खारे पाणी अधिक उचलते, म्हणून समुद्रात एक-दोन किलो शिसे जास्त लागते. हे तरंगणे ज्याला येत नाही त्याचे पाय प्रवाळांवर आपटतात. प्रवाळ हा दगड नव्हे, सजीव आहे. मोडलेला तुकडा पुन्हा वाढायला वर्षे जातात. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मासे जवळ यावेत म्हणून त्यांना पाव-बिस्किटे चारणे हाही त्यांच्यावर उपकार नाही.

सहीपूर्वी वाचा

नोकरीची सारी वर्षे लोकांच्या सह्या घेण्यात गेली, त्यामुळे एक सवय लागली. सही करणाऱ्याने कागद वाचला की नाही, हे त्याच्या मानेवरून कळते. स्कूबाआधी एक प्रकृतीचा फॉर्म भरून घेतात. दमा आहे काय, फिट येते काय, हृदयाचा विकार, कानाचे किंवा छातीचे ऑपरेशन, गर्भारपण, मधुमेह. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांबद्दल आणखी प्रश्न. नावेत चढायची घाई असते, मित्र हाका मारीत असतात, पैसे भरलेले असतात, आणि सगळ्या रकान्यांत ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ लिहून खाली सही होते.

कर्जाच्या अर्जात खोटी माहिती दिली तर नुकसान पैशांचे होते आणि ते भरून काढता येते. इथे तारण स्वतःचा जीव असतो. दम्याच्या माणसाच्या फुप्फुसात एखाद्या कोपऱ्यात हवा अडकून राहिली, तर तो दम धरत नसतानाही दम धरल्यासारखाच परिणाम होतो. शिवाय ‘होय’ लिहिले म्हणजे दार बंद झाले असे नाही. डॉक्टरांना विचारून या, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ही विचारपूस मालवणच्या किनाऱ्यावर न करता निघण्याआधी आपल्या गावच्या डॉक्टरकडे करावी. रात्रीची दारू आणि सकाळची बुडी यांचाही मेळ नाही. अंगातले पाणी कमी झाले की नायट्रोजनचे बुडबुडे अधिक त्रास देतात.

आपण जसा फॉर्म भरतो तसे चार प्रश्न त्यांनाही विचारावेत. प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे काय? एका प्रशिक्षकामागे किती माणसे? नावेत प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे काय? आणि, टाकीत नसला तरी, प्रथमोपचारासाठी नावेवर ऑक्सिजन आहे काय? शेवटच्या दोन प्रश्नांना हसू नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची नाव उलटली आणि दोघांचा जीव गेला. समुद्राच्या तळाला जाऊन सुखरूप वर आलेली ती माणसे होती. धोका नेहमी खोलातच असतो असे नाही. पुष्कळदा तो परतीच्या वाटेवर, सगळे संपले असे वाटून आपण सैल झालेलो असताना उभा असतो.

माघार घेण्याचा हक्क

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकाव्या लागतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. हात पालथा करून हलवला आणि कानाकडे बोट दाखवले की ‘इथे त्रास आहे’. आणि अंगठा वर केला की ‘मला वर जायचे आहे’. जमिनीवर हीच खूण आपण ‘झकास’ म्हणून करतो, त्यामुळे नवख्यांची गंमत होते. झकास म्हणायला जातात आणि प्रशिक्षक त्यांना वर घेऊन येतो.

पण त्या वर केलेल्या अंगठ्यात मला या साऱ्या विद्येचे शहाणपण दिसते. स्कूबात असा दंडक आहे की कोणीही, कधीही, काहीही कारण न देता बुडी थांबवू शकतो, आणि त्याला कोणी नावे ठेवायची नाहीत. नावेतूनही परत फिरता येते, पाण्यात उतरल्यावरही. विहिरीच्या काठावर ही मुभा नव्हती. कठड्यावर चढून जो परत उतरला त्याला सगळा उन्हाळा चिडवले जाई. कित्येकदा मागून ढकलूनच दिले जाई. आमची पोहण्याची शाळा मर्दुमकीची शाळाही होती, आणि तिची फी कधी कधी फार जबर पडली. दम धरण्याच्या पैजा लावून शुद्ध हरपलेली मुले प्रत्येक तालुक्याला माहीत आहेत.

याला जोडूनच एक इशारा. मालवणला फेरफटका करून आलेल्या कोणी, कुठून तरी टाकी मिळवून, आपल्या विहिरीत किंवा धरणात उतरण्याचा विचारही करू नये. विहिरीला एकच तोंड असते आणि वर पाइप, दोर, मोटरची वायर यांचे जाळे. धरणाच्या पाण्यात गाळामुळे हाताची बोटे दिसत नाहीत, बुडालेली झाडे आणि मासेमारीची जाळी असतात. ती जागा प्रशिक्षित बचाव पथकांची. लोणारचे तर नावच नको. ते पाणी कमालीचे अल्कधर्मी आहे आणि सारे विवर अभयारण्य आहे. २०२० च्या जून महिन्यात मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे ते गुलाबी झाले होते. त्याचे वैभव काठावरूनच पाहावे.

तेव्हा जाणाऱ्यांनी जरूर जावे. पंधरा मिनिटांचा फेरफटका आवडला तर पुढच्या वर्षी चार दिवस काढून रीतसर शिकावे. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी, ज्यांना समुद्र फक्त चौपाटीवरून ठाऊक आहे त्यांनीही, परत आलेल्या पोराला नातवाला चार प्रश्न विचारावेत. किती खोल गेलास, हे सगळेच विचारतात. आपण विचारावे: फॉर्म खरा भरलास ना? श्वास चालू ठेवलास ना? वर सावकाश आलास ना? आणि घाट चढण्याआधी एक रात्र थांबलास ना?